रायाजी बुरुजे कोणाचे?

एक

विसाजीपंतांचे नरहरपंत, नरहरपंतांचे त्र्यंबकराव आणि त्र्यंबकरावांचे थोरले चिरंजीव दिनकरराव. या दिनकररावांच्या पत्नी मंदाकिनीबाई बुरुजे. जन्माने त्या बुरुजे नव्हत्या. परंतु लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवसापासून बुरुजे हे आडनाव त्यांनी ज्या ताठ मानेने मिरवले, ते पाहून जन्माने बुरुजे असलेले पुरुषही त्यांच्यासमोर पदराआड उभे राहिल्यासारखे वागत. डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत त्या बावीस वर्षे मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर शाळा सुटली; मुख्याध्यापिकापण सुटले नाही.

आणि मिरवावे असे त्या आडनावात पुष्कळ होते. कल्याणात मुलींसाठी पहिली शाळा काढणारे गोविंदमास्तर बुरुजे, प्लेगच्या साथीत ठाणे न सोडणारे डॉक्टर सीताराम बुरुजे, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या कृष्णाबाई बुरुजे. आणि या सर्वांच्या आधी, सर्वांच्या वर, रायाजी बुरुजे. फिरंग्यांशी झालेल्या लढाईत खाडीच्या तोंडावरचा बुरूज शेवटपर्यंत लढवून त्याच बुरुजावर देह ठेवणारे रायाजी. त्यांच्यापासूनच घराण्याला हे आडनाव लाभले, असे घरातले लहान मूलही सांगे.

रायाजींचा टाक मंदाकिनीबाईंच्या देवघरात होता. चार बोटे उंचीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली उभ्या वीराची प्रतिमा. त्या टाकाचे नेम वेगळे होते. इतर देव चिंचेने लख्ख घासले जात. रायाजींना कधी रगडायचे नाही, नुसते पाणी घालून गंध लावायचे. पितृपक्षात त्यांचे पान वेगळे मांडायचे आणि पान वाढण्याआधी दारात पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवायचा. हे सारे मंदाकिनीबाईंना सासूबाईंनी सांगितले, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. का, असे कोणी विचारले नाही. त्या घरात नेम विचारायचे नसत, पाळायचे असत.

सन १९८८च्या डिसेंबरात डोंबिवलीला समस्त बुरुज्यांचे कुलसंमेलन ठरले. मंदाकिनीबाईंचे धाकटे दीर श्रीपादराव हे चिटणीस. शाळेच्या सभागृहात चौघा कीर्तिमान बुरुज्यांची मोठी तैलचित्रे लागायची होती आणि त्यांपुढे काचेच्या पेटीत त्यांच्या वस्तू. टाक उजळून घेण्याचा हट्टही श्रीपादरावांचाच. संमेलनापुरता नेम मोडण्याची परवानगी त्यांनी वहिनींकडून महत्प्रयासाने मिळवली, टाक कल्याणच्या सोनाराकडे स्वतः नेला आणि स्वतःच आणला. तो लाल खणात गुंडाळून पेटीत ठेवायचा आणि रविवारी सकाळी मंदाकिनीबाईंच्या हस्ते उघडायचा, असे ठरले होते.

शनिवारी दुपारी तीन वाजता मंदाकिनीबाई मांडणी पाहायला सभागृहात आल्या. काचेच्या पेटीपाशी येऊन त्यांनी चष्मा सारखा केला.

लाल खण पेटीत होता, नीट घडी घालून ठेवलेला. टाक नव्हता.

खणावर मूठभर तांदूळ होते आणि तांदळांवर, हळदकुंकू वाहिलेली, एक सुपारी.

दोन

"वहिनी, चोर कोण ते मला ठाऊक आहे," श्रीपादराव म्हणाले. साठीचा हा गृहस्थ बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाला होता, पण या क्षणी त्याच्या कपाळावर घाम होता. "दुपारी तो चेंदणीचा कोळी आला होता. दामाजी. आडनाव बुरुजे लावतो म्हणून संमेलनाला यायचं म्हणत होता. मी सांगितलं, बाबा रे, आडनाव सारखं असलं म्हणून कूळ सारखं होत नाही. तो गेला, आणि टाकही गेला. मी पोलीस चौकीवर जातो."

"तुम्ही बसा, भावजी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा हे दीर सात वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांनी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. "चौकी उद्याही तिथंच असेल. हा दामाजी करतो काय?"

"वागळे इस्टेटमध्ये फिटर आहे म्हणे."

"म्हणजे पोलीस दारात आले की कारखान्याचं दार बंद. एका माणसाचं नाव एकदा चोर म्हणून घेतलं की ते परत घेता येत नाही. आधी मी विचारेन, मग तुम्ही जा."

त्यांनी प्रथम सुनेला बोलावले. चित्रा महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. चित्रांखालच्या माहितीच्या पाट्या तिने लिहिल्या होत्या.

"टाक तू पाहिलास?"

"नाही, आई. काकांनी सकाळी खणात गुंडाळलेला आणला आणि स्वतःच पेटीत ठेवला. उद्याच उघडायचा म्हणाले. चित्रंही त्यांनीच टांगली, हारसुद्धा त्यांनीच घातले. मी आले तेव्हा सगळं तयार होतं."

"पेटीची किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत होतं."

"आणि हे तांदूळ, ही सुपारी?"

"व्यासपीठावर उद्याच्या पूजेचं ताट मांडलंय. त्यातलेच असणार."

मग आला बाळ, मधल्या दिरांचा मुलगा. वागळे इस्टेटमध्ये त्याचा छोटा वर्कशॉप होता, गिरण्यांच्या संपात बसला तो पुन्हा उठलाच नव्हता. गेल्याच आठवड्यात याने जेवताना चांदीचा भाव विचारला होता आणि ते मंदाकिनीबाईंच्या लक्षात होते, हे बाळच्याही लक्षात होते.

"मोठी काकू, आधीच सांगतो, मी नाही घेतला. मी ट्यूबलाइट लावायला आलेलो, लावून जेवायला गेलेलो. बास."

"तुझ्यावर आळ मी घेतलेला नाही."

"तू बघतेस ना तशी, त्याला आमच्याकडे आळच म्हणतात."

"पेटीत डॉक्टरांचं सोन्याचं पदक आहे, बाळ. टाकाच्या शेजारी. ज्याला पैसे हवेत तो चार बोटांची चांदी उचलून सोनं मागे ठेवत नाही. तू वाया गेला असशील, पण व्यवहार तुला कळतो."

"थँक्यू," बाळ म्हणाला. "म्हणजे, थँक्यूच म्हणायचं ना?"

श्रीपादराव मध्येच बोलले, "तेच तर मी म्हणतो, वहिनी. पैशाचा चोर नाही, देवाचा चोर आहे. त्या दामाजीला रायाजी आपला वाटतो. त्यानंच उचलला आणि वर सुपारी मांडून गेला."

मंदाकिनीबाई काचेतून त्या सुपारीकडे पाहत राहिल्या. टाक सोनाराकडे जातो किंवा देवभेटीला निघतो, तेव्हा त्याच्या जागी तांदळावर सुपारी मांडतात. कशासाठी? जागा ओस पडू नये म्हणून. गेलेला देव परत येईपर्यंत कोणी त्याची जागा धरून बसावे म्हणून.

"भावजी," त्या सावकाश म्हणाल्या, "आपला माणूस आपल्या घरी घेऊन जाणारा दुसऱ्याच्या घरात त्याची जागा का राखून ठेवील? ही सुपारी सांगते की रायाजी इथेच परत यायचे आहेत. ज्यानं टाक नेला, त्याच्या लेखी टाकाची जागा आपल्याकडेच आहे."

श्रीपादराव पेटीपासून दोन पावले मागे सरले.

"बाळ, तुझी फियाट चालू आहे का?"

"ढकलली की चालू होते."

"मग ढकल. मला चेंदणीला जायचंय."

तीन

शीळफाट्यावर ट्रकांच्या रांगेत फियाट दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा बाळने गाडीची नव्हे, सरकारची चूक काढली. ठाण्याला पोचेपर्यंत उन्हे कलली होती. स्टेशनच्या पूर्वेला चेंदणी कोळीवाड्यात दामाजीचे घर शोधावे लागले नाही. बुरुजे म्हणताच चार मुलांनी बोट दाखवले.

दामाजी चाळिशीचा, उंच. मंदाकिनीबाईंना पाहताच तो उठून उभा राहिला.

"बाई, तुमी? माझी भाची तुमच्या शाळेत होती."

"असेल. तुम्ही आज दुपारी आमच्या सभागृहात आला होतात. कशासाठी?"

"आयेसाठी. पेपरात तुमच्या संमेलनाची बातमी आली, त्यात रायाजी बुरुजेंचं नाव होतं. आय आयकून रडायलाच लागली. एक नारळ ठेवायचा हाय म्हनाली त्यांच्या म्होरं. तेवढंच इचारायला आलतो. साहेब नाय म्हनाले, मी माघारी आलो."

"टाक पेटीतून नाहीसा झाला आहे."

दामाजी अगदी शांतपणे म्हणाला, "आनि तुमी माझ्याकडं आल्या."

"मी आले, पोलीस नाही आले. त्यातला फरक तुम्हाला कळेल अशी माझी अपेक्षा आहे."

आतून आवाज आला, "कोन हाय रं? आत आन तिला."

जनाबाई ऐंशीच्या पलीकडच्या होत्या. खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या, नाकात जाड नथ, नजर अजून धारदार. त्यांनी मंदाकिनीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. तसे न्याहाळून घेण्याची मंदाकिनीबाईंना सवय नव्हती.

"बस, बाय. तूच का ती, जिच्या घरी आमचा रायाजी हाय?"

"आमचे रायाजी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"बरं, तुमचा. मंग सांग, त्याच्या हातात काय हाय?"

"भाला."

जनाबाई हसल्या. त्या हसण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त टोचले.

"आमच्यात सांगतात ते आयक. फिरंगी बुरुजावर चालून आला तवा आत एक कारकून व्हता, बायको, तान्हा पोरगा. रायाजीनं तिघांना व्हडीत घातलं न् रातीच्या भरतीला पल्याड नेलं. वाटेत चौकीवर हटकलं. रायाजी बोलला, ही माझीच मानसं, बुरुजेच हायत. कोळ्याच्या मानसांना कोन अडवतं? सोडलं. कारकुनाकडं हत्यार नव्हतं, म्हनून रायाजीनं आपली तलवार त्याला दिली न् माघारी बुरुजावर गेला. मेला तवा त्याच्या हातात वल्हं व्हतं. वल्ह्यानं लढला तो."

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"कारकुनानं ते नाव तसंच ठिवलं," जनाबाई पुढे म्हणाल्या. "रायाजी पडला तवा त्याचा टाक करून घेतला न् जाताना आमच्यातल्यांना बोलला म्हनं, तुमचा रायाजी आमच्या घरी पाहुना म्हनून ऱ्हाईल. त्याची मानसं न्यायला येतील तवा देऊ. तो कुठं गेला ते आमाला ठाव नाय. पेपर आला तवा कळलं."

"आज दुपारी ही गोष्ट तुम्ही कोणाला सांगितलीत?" मंदाकिनीबाईंनी दामाजीकडे वळून विचारले.

"साहेबांना. बोललो, आय वल्हं बघून वळखेल."

"ते काय म्हणाले?"

"काय नाय. बाई, त्यांचं तोंड एकदम पांढरं पडलं."

चार

परतीच्या वाटेवर शीळफाट्याशी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बाळ, पितृपक्षात घरच्या पितरांसाठी दारात पाय धुवायला पाणी ठेवतात का?"

"काकू, मला कसं माहीत? मी फक्त जेवायला येतो."

"ठेवत नाहीत. पितर घरचेच, त्यांना कोणी पाहुण्यासारखं दारात उभं करत नाही. पाणी पाहुण्यासाठी असतं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "सासूबाई गेल्यापासून चव्वेचाळीस वर्षं मी माझ्या हातानं तो तांब्या ठेवला. श्राद्धाच्या संकल्पात रायाजींचं नाव कधी आलं नाही, तेही मी ऐकत होते. मुलींना मी सांगत आले की प्रश्न विचारा."

सभागृहात दिवे लागले होते. चित्रा खुर्च्या मांडून घेत होती. मंदाकिनीबाई थेट चित्रांसमोर गेल्या आणि आता प्रथमच त्यांनी चारही चित्रे एकत्र पाहिली. गोविंदमास्तरांचा हार छातीपर्यंत. डॉक्टरांचा छातीपर्यंत. कृष्णाबाईंचाही. रायाजींचा हार मात्र चित्राच्या निम्म्याखाली लोंबत होता, दुहेरी, झेंडूचा, आणि नेमका उजव्या हातावरून.

"हार श्रीपादकाकांनी घातले म्हणालीस?"

"हो, आई. हाच एक वेगळा मागवला होता त्यांनी. मानाचा म्हणून."

"चित्रकार कोण?"

"विश्राम म्हणून आहेत, ठाण्याचे. चित्र आज सकाळीच आलं. टाक उजळून आल्यावर काकांनी तो त्यांना नमुन्यासाठी नेऊन दिला होता."

मंदाकिनीबाईंनी स्टुलावर पाय ठेवला. बाळ धावला, पण त्यांनी त्याला हातानेच थांबवले. वर चढून त्यांनी तो दुहेरी हार बाजूला केला.

रायाजींच्या हातात रुंद पात्याचे वल्हे होते.

चित्रकाराने जे पाहिले ते प्रामाणिकपणे रंगवले होते. गंधाच्या थरांखाली पिढ्यान्‌पिढ्या बुजलेले पाते सोनाराच्या घासणीने मोकळे झाले होते. कोणी रगडायचे नाही म्हणून कोणी पाहिले नव्हते; घरच्या भक्तीनेच घरच्यांचे डोळे झाकले होते.

"श्रीपादरावांना बोलवा," त्या स्टुलावरून उतरत म्हणाल्या.

ते आले, आणि हार बाजूला सरलेला पाहताच दारातच थबकले.

"उजळलेला टाक तुमच्याखेरीज घरात कोणी पाहिला नव्हता," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्या हातात काय आहे हे झाकण्याची गरज फक्त त्यालाच, ज्यानं ते पाहिलं. चित्र हारानं झाकलंत, टाकावर उद्या पुन्हा गंध थापलं असतंत. पण दामाजी दुपारी आला, त्याची आई ते ओळखेल म्हणाला, आणि तुम्हाला वाटलं की हारानं आता भागायचं नाही. तुम्ही टाक उचलला. पण जागा ओस ठेवायला तुमचं मन धजेना. चोरी केलीत, भावजी, तीसुद्धा शास्त्रोक्त."

श्रीपादराव समोरच्या खुर्चीवर बसले.

"माझ्या देवघरात आहे," ते म्हणाले. "संमेलन झालं की परत ठेवणार होतो. त्या माणसाचं नाव घ्यायचं माझ्या मनात नव्हतं, वहिनी. तुम्ही समोर उभ्या होता, आणि तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"मी तुम्हाला तेच सांगितलं होतं."

"तीस वर्षं मी प्रत्येक भाषणात सांगत आलो की मी रायाजींचा वंशज. पुस्तक छापून आलंय. पहिल्या पानावर तेच आहेत. उद्या सहाशे माणसं येणार. त्यांना काय सांगू? की आपण दुसऱ्याच्या पूर्वजाचा मान खाल्ला?"

"तुम्ही सांगू नका. मी सांगेन."

"मग आपल्याकडे राहिलं काय?"

मंदाकिनीबाईंनी त्या लांबलचक हाराकडे पाहिले, मग दिराकडे. घराण्याचा इतका अभिमान आणि त्या अभिमानाला इतके भित्रे मन, हे त्यांना पाहवेना.

"ते उद्या ऐका," त्या म्हणाल्या. "आता घरी जा. टाक घेऊन या. आणि सकाळी दामाजींच्या घरी तुम्ही स्वतः जायचं. बाळला पाठवायचं नाही. काल मी तुमचं नाव चोर म्हणून घेतलं, हे वाक्य त्यांच्या दारात उभं राहून बोलायचं, आणि मग आमंत्रण द्यायचं."

"ते घराबाहेर काढतील मला."

"काढतील. तरी जायचं."

पाच

दामाजीने बाहेर काढले नाही. तो ऐकून घेऊन इतकेच म्हणाला, "साहेब, चा घ्या," आणि तो चहा श्रीपादराव खाली मान घालून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, असे गाडी घेऊन गेलेल्या बाळने नंतर सगळ्यांना सांगितले.

सभागृह भरले होते. नागपूर, बडोदा, इंदूर, कुठकुठले बुरुजे आले होते. पहिल्या रांगेत मधोमध जनाबाई, शेजारी दामाजी, मागच्या दोन रांगांत चेंदणीची माणसे. कोण ही मंडळी, अशी कुजबुज सुरू झाली होती. मंदाकिनीबाई ध्वनिक्षेपकापाशी आल्या आणि कुजबुज, शाळेत थांबायची तशी, आपोआप थांबली.

त्यांनी सर्व सांगितले. दिराचे नाव घेतले नाही. टाक हलवला गेला आणि निरपराध माणसावर आमच्या घरातून आळ घेतला गेला, त्याबद्दल घरातली वडील म्हणून मी क्षमा मागते, असे त्या म्हणाल्या. बुरुजाची, होडीची, चौकीची, वल्ह्याची गोष्ट सांगितली. एक वयस्क गृहस्थ मध्येच उभे राहिले.

"म्हणजे रायाजी आपले नाहीत, असं तुम्ही म्हणता?"

"गोविंदमास्तर आपले," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "डॉक्टर आपले. कृष्णाबाई आपल्या. ते तिघे जन्माला आले, कारण एका रात्री एक माणूस तीन परक्यांना स्वतःचं नाव देऊन चौकीपार घेऊन गेला. रायाजी आपले नाहीत. आपण रायाजींचे आहोत. मी या घरात लग्न करून आले. नाव दुसऱ्याकडून मिळतं आणि मग त्याला शोभेल असं वागावं लागतं, हे मला इथल्या कोणत्याही पुरुषापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला या नावाचा काल होता त्याहून आज अधिक अभिमान आहे. ज्यांना कमी वाटत असेल, त्यांनी आडनाव बदलावं. बसा."

गृहस्थ बसले.

"आपल्या मूळ पुरुषानं शब्द दिला होता," त्या पुढे म्हणाल्या. "रायाजींची माणसं न्यायला आली की रायाजी त्यांच्या स्वाधीन करायचे. ती माणसं आली आहेत."

टाक कोणी द्यायचा हे ठरलेले नव्हते. मंदाकिनीबाईंनी तो हातात घेतलाही होता. तेवढ्यात श्रीपादराव आपल्या खुर्चीवरून उठले, चप्पल काढून पुढे आले आणि त्यांनी वहिनींपुढे दोन्ही हात पसरले. मंदाकिनीबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि टाक त्यांच्या ओंजळीत ठेवला.

श्रीपादराव व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून जनाबाईंसमोर खाली बसले. "हे आमच्यावरचं देणं," ते म्हणाले.

जनाबाईंनी टाक घेतला. डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने वल्ह्याचे पाते चाचपले आणि पदरात धरला. मग त्यांनी मान वर करून मंदाकिनीबाईंना विचारले, "आमी त्याला नेला, तर तुमचं नाव?"

"ते तुम्ही म्हणाल तसं."

"नाव ऱ्हाऊ दे. चांगलं वापरलंत." त्यांनी श्रीपादरावांच्या डोक्यावर हात ठेवला. "नि देनं म्हनशील, बाबा, तर ते पोचलं. सगळं पोचलं."